'गोंडवन' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : शेण, गवत आणि माझं पुण्यात बसणं

इसिसॉरस या डायनोसोरवरच्या माझ्या लेखाखाली 'गोंडवन' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, पण दोन ओळींत मावेना. म्हणून हे वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी 'गोंडवन' यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लेख "पुण्यात बसून, विकिपीडिया चाळून लिहिल्यासारखा" वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत, म्हणजे दगड झालेल्या शेणात, गवताचे अंश सापडले हे खरं, पण ती विष्ठा इसिसॉरसचीच हे सिद्ध झालेलं नसताना मी "छातीठोकपणे" चंद्रपूरचा डायनोसोर गवत खायचा असं लिहिलं. लांबी-वजनाचे आकडे मी ठोकून दिले. आणि इसिसॉरसची मान मुळात आखूड, तेव्हा त्याला लांब मानेचा राक्षस म्हणणं चूक.

आधी आकड्यांचं उरकून टाकतो. इसिसॉरसचा सांगाडा अर्धामुर्धाच आहे. कवटी नाही, मागचे पाय नाहीत. मणके, बरगड्या, कमरेची हाडं, खांदा आणि पुढचा डावा पाय एवढंच हाती लागलेलं. त्यामुळे कोणी ११ मीटर म्हणतो, कोणी १८. मी मोठा आकडा उचलला, त्याच्या आधी आता "अंदाजे" घातलं आहे. झालं समाधान? मानेचं म्हणाल तर ती टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनोसोरांच्या खानदानात आखूड. त्या खानदानात आखूड म्हणजे तुमच्या-माझ्या मोजमापात आखूड नव्हे. ज्या जनावराच्या पुढच्या पायाचं वरचं एक हाडच जवळजवळ दीड मीटर भरतं, त्याच्या मानेवरून वाद घालायला फुरसत लागते. ती आपल्याकडे दिसते.

आता ते "पुण्यात बसून".

मी वरोऱ्याचा. वडील तिथेच मास्तर होते, आजोळ तालुक्यातलंच. वरोरा म्हटलं की लोक "आनंदवन ना?" म्हणतात आणि तिथेच थांबतात, याची आम्हा वरोरेकरांना सवय आहे. पण डोंगरगाव आणि पिसदुरा ही नावं मी विकिपीडिया जन्माला येण्याआधी कित्येक वर्षं ऐकत आलो आहे. मामाच्या शेतात वखर लागला की गोल, जड, तपकिरी दगड वर यायचे. आम्ही पोरं ते गोफणीत घालून पाखरांवर फेकायचो. त्यातला एकही विष्ठाश्म नव्हता असं आपण छातीठोकपणे सांगू शकाल का?

पुढे माझी सगळी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात भूगोल शिकवण्यात गेली. १९८४ ते ८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची माणसं डोंगरगावच्या टेकडीवर हाडं खणत होती, तेव्हा मी त्याच जिल्ह्यात फळ्यावर वर्धा नदी काढत होतो. टेकडीवर गेलो नाही, कारण आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ती हाडं कोलकात्याला गेली. १९९७ साली सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्यांचं वर्णन 'टायटॅनोसॉरस कोल्बर्टी' या नावाने छापलं, आणि २००३ साली विल्सन आणि अपचर्च या दोघांनी त्याची वेगळी प्रजाती करून 'इसिसॉरस' हे नाव दिलं. आता गुडघे गेले आणि मुलगा पुण्यात, म्हणून मी पुण्यात. यात माझ्या लेखाचा काय गुन्हा?

आणि बसून लिहिण्याचंच म्हणत असाल तर ज्या शोधावर आपण दोघं भांडतोय तो बसूनच लागलेला आहे. पिसदुऱ्याच्या शेणात गवत आहे हे पिसदुऱ्यात कुणालाही दिसलं नाही. चार्ल्स मॅटली या इंग्रज भूशास्त्रज्ञाने १९३९ सालीच तिथल्या विष्ठाश्मांचं वर्णन करून ठेवलं होतं. इतकी वर्षं ते दगड उपलब्ध होते, पण गवत दिसलं ते लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, सूक्ष्मदर्शकाखाली. त्यांचा निबंध २००५ साली 'सायन्स'मध्ये आला. सहलेखकांपैकी कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग तर तेव्हा स्टॉकहोमच्या संग्रहालयात होत्या. त्यांनाही लिहून कळवलंत का, की बाई, आधी वरोऱ्याला येऊन शेतात उभ्या राहा?

त्यांनी काय पाहिलं हे माझ्या लेखात होतं, पण प्रतिक्रियेवरून तो भाग वगळून वाचला गेला असावा अशी शंका येते, म्हणून पुन्हा सांगतो. वनस्पती जमिनीतलं पाणी शोषतात तेव्हा त्यात विरघळलेली सिलिकाही आत येते आणि पेशींमध्ये साचते. पान कुजतं, पचतं, जळतं, तरी हे सूक्ष्म काचेचे तुकडे टिकतात. यांना फायटोलिथ म्हणतात. गवताचे फायटोलिथ काही ठरावीक घाटाचे असतात, आणि गवताच्या वेगवेगळ्या कुळांचे घाटही वेगळे. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत निदान पाच प्रकारच्या गवतांचे तुकडे मिळाले. त्याआधी हाती असलेले गवताचे भरवशाचे जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते, म्हणून डायनोसोरच्या चित्रात गवत काढलं की चित्रकाराला हसत. हे शेण दख्खनच्या लाव्ह्याच्या सुमाराचं, साडेसहा कोटी वर्षांहून जुनं. २०११ साली याच ठिकाणच्या नमुन्यांतून भाताच्या कुळातल्या गवताचीही खूण सापडली. चंद्रपूर-गडचिरोलीत आज धान पिकतं, तिथल्या माणसाला हे वाचून काही वाटत नसेल तर त्याने 'गोंडवन' हे नाव कशाला घ्यावं हे मला खरंच कळत नाही.

राहिलं शेण कोणाचं. हे आपलं मुख्य म्हणणं होतं असं आपण आता म्हणाल, पण मग ते दुसऱ्या वाक्यात आणि टोमणा पहिल्या वाक्यात का? असो. त्याच थरांत टायटॅनोसॉरची हाडं मिळतात, आणि एवढाले गोळे टाकणारं झाडपाला खाणारं दुसरं जनावर तिथे दिसत नाही, म्हणून संशोधकांनी ते टायटॅनोसॉरचं मानलं. त्या निबंधात इसिसॉरसचं नाव घेऊन शिक्का मारलेला नाही, बरोबर. तो जैनोसॉरस हा दुसरा टायटॅनोसॉरही असू शकेल, त्यांचाच आणखी कोणी भाऊबंदही. पण मी लेखात "चंद्रपूरचा डायनोसोर" म्हटलं होतं आणि पिसदुरा चंद्रपुरातच आहे. मग कोणाचं म्हणता? मामाच्या म्हशीचं?

गवत हा त्याच्या खाण्याचा थोडासाच भाग होता, बाकी ताड-माडाच्या जातीची झाडं, सूचिपर्णी, रुंद पानांची झाडं असा सगळा मिश्र मेवा होता, हेही मी लिहिलं होतं. पानांवर वाढणाऱ्या बुरशीचे अंशही त्या शेणात मिळाले आहेत, म्हणजे झाडाची पानं ओरबाडत असणार. पण "गवत खायचा" एवढंच उचलायचं आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यायचा, याला टीका म्हणत नाहीत. सॉरोपॉडना, म्हणजे अशा लांब मानेच्या डायनोसोरांना, दाढा नव्हत्या, ते चावत नसत, ओरबाडून सरळ गिळत. काही वाचक लेखही तसेच वाचतात.

पुढचा लेख जबलपूरच्या हाडांवर आहे, लायडेकरने १८७७ साली शेपटीच्या मोजक्या मणक्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिलं तिथपासून. तोही पुण्यात बसूनच लिहिणार आहे. प्रतिक्रियेची जागा उघडीच ठेवतोय. फक्त खऱ्या नावाने लिहा, म्हणजे पुढच्या वेळी अहो म्हणून हाक मारायची की अगं म्हणून, ते तरी मला कळेल.