दोष पांढऱ्या पेशींना, बंद मात्र रक्तदाबाची गोळी

माझ्या मावसभावाची महाधमनी हृदयातून निघते तिथेच रुंद झालेली आहे. रक्तदाबाची गोळी रोज घेणे आणि ठरावीक काळाने रुंदी मोजून घेणे एवढेच त्याला सांगितलेले आहे. एका फिरत्या संदेशावर विश्वास ठेवून त्याने ती गोळी बंद केल्याचे मला वहिनींकडून कळले, तेव्हा मी तो संदेश मागवून घेतला. त्याचा गोषवारा असा: महाधमनी अचानक फाटते ती रक्तदाबामुळे नव्हे, तर शरीराच्याच पांढऱ्या पेशींनी केलेल्या हल्ल्यामुळे, आणि जपानी संशोधकांनी हे सिद्ध केले आहे. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या निरुपयोगी आहेत. छातीत कळ आली तर स्टिरॉइड आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन दोन-तीन दिवस थांबावे, म्हणजे शस्त्रक्रिया टळते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा ठीक असेल तर महाधमनी सुरक्षित समजावी. सोबत सूक्ष्मदर्शकाखालच्या एका छेदाचे, म्हणजे महाधमनीच्या भिंतीच्या पातळ कापाचे, छायाचित्र असून त्यातील जांभळ्या ठिपक्यांवर बाण काढून ‘खरे गुन्हेगार’ असे लिहिलेले आहे.

विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत असे छेद पाहण्याचेच माझे काम असल्यामुळे आधी त्या छायाचित्राविषयी. ते ठिपके खरोखरच न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, आहेत. त्यांचे तुकड्या-तुकड्यांचे केंद्रक स्पष्ट दिसते. परंतु तो तुकडा शस्त्रक्रियेत, म्हणजे महाधमनी फाटून काही तास उलटल्यावर काढलेला असतो, आणि जखम शरीरात कुठेही झाली तरी न्यूट्रोफिल काही तासांत तिथे पोहोचतात. फाटल्यानंतर घेतलेल्या एका नमुन्यावरून या पेशी आधी आल्या की नंतर, हे कोणालाही सांगता येत नाही. त्याच भिंतीचा छेद लवचीक तंतू काळे दाखवणाऱ्या रंगाने रंगवला, तर संदेश बनवणाऱ्याने न दाखवलेली गोष्ट दिसते. निरोगी महाधमनीच्या मधल्या थरात इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाचे नागमोडी काळे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. फाटलेल्या महाधमनीत ते जागोजागी तुटलेले असतात, मध्ये निळसर, बुळबुळीत द्रव्याची तळी साचलेली असतात आणि स्नायुपेशी कमी झालेल्या असतात. ही झीज तासाभरात होत नाही, तिला वर्षे लागतात, आणि अशा भागात पांढऱ्या पेशी अनेकदा शोधूनही फारशा सापडत नाहीत. मार्फान सिंड्रोम या आनुवंशिक आजारात तर दोष जन्मतःच फायब्रिलिन-१ या प्रथिनाच्या जनुकात असतो, हे १९९१ सालापासून माहीत आहे. संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

महाधमनीच्या अशा फाटण्याला डिसेक्शन म्हणतात, म्हणजे सर्वांत आतला थर फाटून रक्त मधल्या थरात शिरणे आणि भिंत उभी चिरत एक खोटी पोकळी तयार करत पुढे जाणे. ही चीर पुढे ढकलण्याचे काम हृदयाचा प्रत्येक ठोका करतो. या आजाराची सर्वाधिक आधार घेतली जाणारी माहिती १९९६ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतून येते. तिच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या अहवालात १२ केंद्रांमधील ४६४ रुग्ण होते आणि त्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता. रक्तदाबाचा संबंध नाही असे म्हणणाऱ्याने निदान या आकड्याचे काय करायचे ते तरी सांगायला हवे होते.

रक्तदाबाच्या गोळ्या निरुपयोगी ठरवणे म्हणूनच मला सर्वांत घातक वाटते. डिसेक्शनचा रुग्ण अतिदक्षता विभागात येतो तेव्हा वेदनाशमनासोबत पहिले औषध बहुधा शिरेतून दिलेले बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि रक्तदाब उतरवणारे औषध, असते. नाडी मिनिटाला ६० च्या खाली आणि वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणणे हे उद्दिष्ट असते, कारण ठोक्याचा जोर जितका कमी तितका भिंतीवरचा ताण कमी. ही उपचारपद्धती १९६५ सालापासून चालत आली आहे. जो रुग्ण अशीच गोळी रोज घेत आहे त्याने ती एकाएकी थांबवली, तर नाडी आणि रक्तदाब उसळी मारून आधीपेक्षाही वर जाऊ शकतात, आणि ज्याची महाधमनी आधीच रुंद आहे त्याच्यासाठी याहून वाईट सल्ला मला सुचत नाही. गोळी बदलायची असेल, कमी करायची असेल, तर ते काम ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

त्या गोळीच्या जागी संदेश जे घ्यायला सांगतो ते तर उलट्या दिशेचे आहे. स्टिरॉइड शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब वाढवते. सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्याही रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांवर भार टाकतात, आणि डिसेक्शनमध्ये मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आधीच तुटलेला असण्याची शक्यता असते. शिवाय दुखणे दबले की माणूस घरी बसून राहतो.

आता ‘दोन-तीन दिवस थांबावे’ याविषयी. हृदयातून वर जाणाऱ्या भागातील, म्हणजे स्टॅनफर्ड वर्गीकरणातील ए प्रकारच्या डिसेक्शनमध्ये, २००० सालच्या त्याच अहवालानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५८ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. शस्त्रक्रिया न झालेल्यांमध्ये वयोवृद्ध आणि इतर आजारांनी जर्जर रुग्ण अधिक होते, त्यामुळे हा सगळा फरक शस्त्रक्रियेचाच आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याच नोंदवहीच्या ५,६११ रुग्णांवरील २०२२ च्या अहवालात फक्त पहिल्या ४८ तासांचा हिशेब आहे: केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी २३.७ टक्के त्या दोन दिवसांत गेले, शस्त्रक्रियेसाठी घेतलेल्यांपैकी ४.४ टक्के. केवळ औषधांवर ठेवलेल्यांचा मृत्युदर दर तासाला सुमारे अर्धा टक्का पडतो. संदेश ज्या दोन दिवसांत सूज उतरण्याची वाट पाहायला सांगतो, तेच हे दोन दिवस आहेत. खाली उतरणाऱ्या महाधमनीतील, बी प्रकारच्या डिसेक्शनमध्ये गुंतागुंत नसेल तर तातडीने शस्त्रक्रिया करत नाहीत, हे खरे. मात्र तिथेही रुग्णाला रुग्णालयात ठेवून रक्तदाब आणि नाडीच काबूत ठेवतात, आणि प्रकार कोणता हे सीटी अँजिओग्राफीसारखा रक्तवाहिन्यांचा स्कॅन केल्याशिवाय कळत नाही.

जपानी संशोधनाचा दाखला पूर्णपणे खोटा नाही, एवढे मला मान्य करावे लागते. २०१२ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात न्यूट्रोफिलमधून स्रवणाऱ्या एमएमपी-९ या, भिंतीचे तंतू तोडणाऱ्या विकराने (एन्झाइमने) उंदरांमध्ये डिसेक्शनला चालना दिली, आणि न्यूट्रोफिल कमी केल्यावर त्याचे प्रमाण घटले. हे काम महत्त्वाचे आहे आणि मी ते आदराने वाचतो. परंतु त्या उंदरांना आधी इलॅस्टिन आणि कोलॅजेन यांची वीण कच्ची ठेवणारे रसायन दिलेले होते आणि नंतर रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अँजिओटेन्सिन. म्हणजे भिंत प्रथम कमजोर केली गेली, तिच्यावर ताण आणला गेला, आणि अशा भिंतीत पांढऱ्या पेशींनी नुकसान वाढवले. माणसातही न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) फाटलेल्या भिंतीचे तंतू आणखी तोडत असावेत असे मानायला चांगली कारणे आहेत. त्यावरून रक्तदाब निर्दोष ठरत नाही.

शिवाय उंदरात जमलेले माणसात जमेलच असे नसते. डॉक्सिसायक्लिन हे औषध एमएमपी विकरांना रोखते आणि उंदरांमधील पोटातील महाधमनीच्या फुग्यावर ते उपयोगी ठरले होते. माणसांना ते दोन वर्षे देऊन पाहिलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२० साली आला, आणि फुग्याची वाढ काही मंदावलेली दिसली नाही. मॅक्रोफेजचे दुसरे कामही विसरता येत नाही: मृत पेशी आणि तुटलेले तंतू उचलून नेणे आणि व्रण भरण्यास मदत करणे. नियामक टी-पेशी तर दाह आवरतात. स्टिरॉइड फक्त नुकसान करणाऱ्या पेशीच निवडून दाबत नाही.

स्टिरॉइड खरोखर लागते असे महाधमनीचे आजार आहेत. जायंट सेल आर्टेरायटिस आणि ताकायासू आर्टेरायटिस यांत प्रतिकारपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीवर मुळातच हल्ला करतात आणि तिथे स्टिरॉइड हाच पहिला उपचार असतो. पण ते निदान तपासण्या, स्कॅन आणि कधी कधी धमनीचा तुकडा तपासून केले जाते, औषधाचे प्रमाण मोजून दिले जाते, आणि या रुग्णांचाही वाढलेला रक्तदाब आटोक्यात ठेवावाच लागतो.

राहिला पांढऱ्या पेशींचा आकडा. डिसेक्शन झाल्यावर तो बऱ्याचदा वाढतो, पण तसा तो न्यूमोनियातही वाढतो. महाधमनी आज किती रुंद आहे किंवा उद्या फाटेल का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. रुंदी इकोवर किंवा सीटीवर मोजावी लागते, आणि तीही पूर्ण हमी देत नाही: त्याच नोंदवहीच्या २००७ च्या विश्लेषणात ए प्रकारच्या ५९ टक्के रुग्णांची महाधमनी ५.५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे नियोजित शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा, कमी रुंद होती. म्हणूनच मर्यादेच्या आत असलेल्यांनाही रक्तदाबाची गोळी दिली जाते, त्यांची मोजणी पुन्हा पुन्हा केली जाते, आणि आईवडील, भावंडे व मुले यांनीही एकदा तपासून घ्यावे असे सांगितले जाते. मावसभावाच्या मुलांची ती तपासणी अजून व्हायची आहे.