सोव्हिएत शहरं सगळी एकाच साच्यातली? मग स्लावुतिचचं काय करायचं?

समाजमाध्यमांवरच्या पोस्टमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: सोव्हिएत शहर म्हणजे राखाडी डब्यांची रांग. मॉस्कोत कुणीतरी एक नकाशा काढला आणि देशभर तोच छापला. ना झाड, ना स्थानिक चव, ना माणसाचा विचार. म्हणूनच सोव्हिएत संघ कोसळला तशी ही शहरंही ओस पडली. पुरावा म्हणून खाली युक्रेनमधल्या प्रिप्यात या ओसाड शहराचा फोटो: फुटक्या खिडक्यांच्या उंच इमारती आणि अंगणात माजलेलं रान.

आधी फोटोचं बघू, ते लवकर आटपतं. प्रिप्यात 27 एप्रिल 1986 रोजी एका दुपारी रिकामं केलं गेलं, कारण आदल्या दिवशी शेजारच्या चेर्नोबिल अणुप्रकल्पातली चौथी अणुभट्टी फुटली होती. सोव्हिएत संघ विसर्जित झाला डिसेंबर 1991 मध्ये. साडेपाच वर्षांनंतर घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण कशी होणार?

आता साच्याचा मुद्दा. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर 1955 मध्ये बांधकामातल्या ‘अनावश्यक सजावटी’विरुद्ध फर्मान निघालं. त्यानंतर कारखान्यात ओतलेली काँक्रीटची पॅनेलं ट्रकवर लादून आणायची आणि क्रेनने एकावर एक रचायची, ही पद्धत देशभर पसरली. लाखो कुटुंबं सामायिक घरांतल्या एकेका खोलीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेली ती यामुळेच. एकसारखेपणा ही त्याची किंमत होती आणि ती खरोखरच मोजली गेली. पण पोस्टवाला इथेच थांबतो आणि 1955 ते 1991 हा सगळा काळ एकाच बादलीत ओततो. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत त्या देशातल्या वास्तुरचनाकारांना साच्याचा कंटाळा आलेला होता. साचा मोडता येत नसेल तर निदान वाकवायचा, अशी त्यांची धडपड दिसते. कझाखस्तानातल्या शेवचेन्को शहरात (आजचं आक्ताऊ) कॅस्पियनचं खारं पाणी गोडं करून पुरवलं जाई आणि त्यासाठी अणुभट्टीची उष्णता वापरली जाई. वाळवंटात शहर वसवायचं तर सगळा विचार पाण्यापासून सुरू करावा लागला. तिथला पत्ता मात्र तीन आकड्यांचा: वसाहत, इमारत, घर. बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. हे पोस्टवाल्याला नक्की आवडेल, त्याच्या बाजूने एक गुण देऊन टाकू.

सगळ्यात ठळक उदाहरण युक्रेनमधल्या स्लावुतिच शहराचं. प्रिप्यातमधून हलवलेल्या सुमारे 50 हजार लोकांपैकी जे चेर्नोबिलच्या उरलेल्या भट्ट्या चालवत होते, त्यांच्यासाठी हे शहर उभारायचं 1986 च्या ऑक्टोबरमध्ये ठरलं. जागा नीपरच्या डाव्या तीरावरची, पाईनच्या जंगलातली, प्रकल्पापासून साधारण 50 किलोमीटरवर. दोन वर्षांनी, 1988 च्या ऑक्टोबरमध्ये, पहिली कुटुंबं राहायला आली. एकच नकाशा छापायला याहून चांगली सबब कुठली? घाई होती, पैसा केंद्राचा होता, किरणोत्सर्गाची भीती होती.

झालं उलटंच. युक्रेन, रशिया, जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान, लिथुआनिया, लाटविया आणि एस्टोनिया अशा आठ प्रजासत्ताकांना शहराचे भाग वाटून दिले गेले. प्रत्येकाने आपले आराखडे आणले, आपले कामगार आणले, बरंचसं साहित्यही आणलं. म्हणून स्लावुतिचच्या वसाहतींची नावं आजही येरेवान, बाकू, तिबिलिसी, विल्नियस, रिगा, टॅलिन अशी आहेत. येरेवान वसाहतीत आर्मेनियाचा गुलाबीसर ज्वालामुखी दगड आहे. बाल्टिक वसाहतींत उतरत्या छपरांची बैठी घरं आहेत, टॅलिनवाल्यांनी तर सौनाही (गरम वाफेचं स्नानगृह) बांधला. पॅनेलच्या बहुमजली इमारती इथेही आहेत, पण रिगातून बाकूत शिरताना बदल कळायला नकाशा काढावा लागत नाही.

यात राजकीय देखावा होता हे उघड आहे. ‘राष्ट्रांची मैत्री’ दाखवायला याहून सोयीचं व्यासपीठ मिळालं नसतं. गंमत अशी की 1988 मध्येच काराबाख या प्रदेशावरून आर्मेनियन आणि अझरबैजानी एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि इकडे युक्रेनच्या जंगलात दोघांच्या वसाहती एकाच शहरात उभ्या राहत होत्या. देखावा म्हणा, पण नकाशा एकच होता असं म्हणता येणार नाही.

‘झाड नाही’ हे तर स्लावुतिचबद्दल कुणी म्हणूच नये. पाईनचं जंगल सरसकट तोडलं नाही, त्याचे पट्टे वसाहतींच्या मधोमध तसेच ठेवले. मध्यभागी मोठा चौक आहे आणि शाळा, बालवाडी, दुकान सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. हा अंतराचा हिशोब स्लावुतिचपुरता नव्हता, सोव्हिएत नियोजनाचा तो पायाच होता. मुलाने शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडू नये, इतका साधा विचार त्यामागे होता. मात्र दुकान जवळ असणं वेगळं आणि दुकानात माल असणं वेगळं. दुसरी गोष्ट नगररचनाकारांच्या हातात नव्हती.

खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते त्या मजकुरात कुठेच येत नाही. ही शहरं बहुतेकदा एकाच कारखान्यासाठी, खाणीसाठी किंवा प्रकल्पासाठी वसवलेली असत. तिजोरी त्या-त्या मंत्रालयाकडे असे. मंत्रालयाला उत्पादन हवं असायचं, त्यामुळे आधी कारखाना, मग घरं आणि चित्रपटगृह वगैरे सवडीने. रशियाच्या उत्तरेकडच्या व्होरकुता या कोळशाच्या शहराभोवतीच्या खाण-वस्त्या खरोखरच ओस पडल्या, पण त्या खाणी बंद झाल्या म्हणून. तिथे इमारती सुंदर असत्या तरी लोक गेलेच असते. उलट रशियातल्याच तोल्यात्ती शहरात मोटारींचा कारखाना टिकला आणि पॅनेलच्या त्याच इमारतींत लाखो लोक आजही राहतात.

स्लावुतिचवरही हीच पाळी आली. 15 डिसेंबर 2000 रोजी चेर्नोबिलची शेवटची चालू भट्टी बंद झाली आणि शहराचा एकमेव मालक म्हातारा झाला. विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रयोगही झाला. तरी आधार राहिला तो प्रकल्प मोडीत काढण्याच्या आणि फुटलेल्या चौथ्या भट्टीवर नवं आच्छादन उभारण्याच्या कामाचाच. लोकवस्ती मात्र 25 हजारांच्या आसपास टिकून राहिली. मार्च 2022 मध्ये रशियन सैन्य शहरात घुसलं तेव्हा त्याच मध्यवर्ती चौकात रहिवासी निःशस्त्र जमले, महापौरांना पकडून नेलं होतं ते सोडले गेले आणि थोड्याच दिवसांत सैन्य निघून गेलं. प्रकल्पावर जाणारी कामगारांची रेल्वे बेलारूसच्या हद्दीतून जायची, ती युद्धामुळे बंद पडली. आता कर्मचारी लांबचा फेरा मारून जातात, तिथेच मुक्काम करून पाळी संपवतात आणि परत स्लावुतिचला येतात.