पासपोर्टचा वाद आणि गणतीत नसलेली मुले

ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ साली सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई चषकात भारत नसणार, हे निश्चित झाले. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशाकडूनही पराभव पत्करावा लागला. बांगलादेशाच्या संघात इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि तिथेच घडलेला हमझा चौधरी होता, त्यामुळे आपल्याकडे काही वर्षांपासून धुमसणारा वाद पुन्हा पेटला. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या फुटबॉलपटूंना भारताकडून खेळू द्यावे की नाही, असा हा वाद आहे. केंद्र सरकारचे २००८ पासूनचे धोरण असे की ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यानेच देशाकडून खेळावे. त्या धोरणाला मान देऊन ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, आईकडून मुंबईशी नाते असलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये आपले ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडले. त्याच्या आधी पुणे एफसीमुळे पुणेकरांना परिचित झालेल्या आराता इझुमीने जपानचे नागरिकत्व सोडले होते. ही दोन्ही उदाहरणे मला मनापासून आदराची वाटतात. मात्र या वादाकडे दोह्यातून पाहताना त्यात एक मोठी जागा रिकामी दिसते, आणि ती दाखवून देणे हे इथे राहणाऱ्या माझ्यासारख्याचे काम आहे असे मी समजतो.

आधी जानेवारी २०२४ मध्ये इथे कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकाच्या गटसाखळीविषयी, कारण आजच्या वादाचे मूळ तिथे आहे. चोवीस संघ, सहा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वोत्तम चार संघ बाद फेरीत, अशी ही उदार रचना होती. इंडोनेशिया केवळ तीन गुणांवर पुढे गेला. भारत मात्र ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरून, एकही गुण आणि एकही गोल न मिळवता परतला. तिन्ही सामने मी मैदानात बसून पाहिले. प्रेक्षक प्रामुख्याने भारतीय होते, त्यातही केरळचे सर्वाधिक, आणि अल बैत मैदानावरच्या शेवटच्या सामन्यापर्यंत त्यांचा आवाज कमी झाला नाही. त्याआधीच्या वर्षभरात इंफाळ, भुवनेश्वर आणि बंगळूरुमध्ये भारताने तीन स्पर्धा जिंकल्या होत्या आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा मिळवली होती, म्हणून अपेक्षा वाढलेल्या होत्या. मायदेशात जिंकलेल्या त्या स्पर्धा आणि आशियाई चषकाची पातळी यांतले अंतर अहमद बिन अली मैदानावर पहिल्याच दोन सामन्यांत स्पष्ट झाले.

दुखापतींमुळे अन्वर अली, आशिक कुरुनियन आणि जीक्सन सिंग नव्हते, तयारीला जेमतेम दोन आठवडे मिळाले होते, आणि आक्रमणाचा भार एकोणचाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीवर होता. ही सर्व कारणे खरी आहेत. तरीही उझबेकिस्तानविरुद्धचा सामना पाहताना मला ती अपुरी वाटली. चौथ्याच मिनिटाला अब्बोसबेक फायझुल्लायेवने पहिला गोल केला. हा तोच खेळाडू, जो २०२३ मध्ये उझबेकिस्तानातच झालेल्या वीस वर्षांखालील आशियाई चषकात सर्वोत्तम ठरला होता आणि ज्याच्या संघाने तो चषक जिंकला होता. उझबेकिस्तानची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्यांनी परदेशात जन्मलेले खेळाडू गोळा केले नाहीत. वयोगटांचे संघ वर्षानुवर्षे खेळवत ठेवले, आणि जून २०२५ मध्ये ते पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरले. त्याच आशियाई चषकात पहिल्यांदा उतरलेल्या, एक कोटी वस्तीच्या ताजिकिस्तानने उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. (ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले, हेही नोंदवले पाहिजे. आपले खेळाडू मुळातच कमी प्रतीचे आहेत, असे मला वाटत नाही.)

आता कतारविषयी. परदेशी खेळाडू घेऊन संघ उभा करणारा देश, अशी कतारची प्रतिमा भारतातल्या चर्चेत असते, आणि भारतीय वंशाच्या खेळाडूंना आणण्याच्या बाजूने बोलणारे हेच उदाहरण देतात. इतिहास थोडा वेगळा आहे. २००४ साली कतारने जर्मनीत खेळणाऱ्या काही ब्राझिलियन फुटबॉलपटूंना आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न केला होता, तेव्हा फिफाने तातडीने नियम कडक केले आणि तो बेत फसला. त्याच वर्षी दोह्यात लहान वयापासून खेळाडू घडवणारी अस्पायर अकादमी सुरू झाली. नंतरही काही प्रौढ परदेशी खेळाडू कतारच्या संघात आले, पण ज्या संघाने २०१९ आणि २०२३ चे (दुसरा प्रत्यक्षात २०२४ च्या सुरुवातीला झाला) आशियाई चषक जिंकले, त्याचा कणा अस्पायरमध्ये वाढलेल्या मुलांचा होता. अक्रम अफीफ दोह्यातच जन्मला. अल्मोएझ अली सुदानमध्ये जन्मला, पण लहानपणीच इथे आला. अकादमी काढली की प्रश्न सुटतो असेही नाही. २०२२ च्या विश्वचषकात गटसाखळीतले तिन्ही सामने हरणारा पहिला यजमान कतारच होता. त्या पराभवानंतर पंधरा महिन्यांच्या आत याच देशाने पुन्हा आशियाई चषक उंचावला, कारण हरलेल्या संघामागे घडवलेले खेळाडू उभे होते.

याच अस्पायरमधून ताहसीन जमशीद पुढे आला. दोह्यात जन्मलेला, केरळी आईवडिलांचा मुलगा. जून २०२४ मध्ये विश्वचषक पात्रता फेरीच्या गटसाखळीत कतारच्या संघात त्याची निवड झाली आणि त्या फेरीतला एक सामना भारताविरुद्धच होता. दोह्यात झालेला तो सामना भारतात आजही आठवतो तो रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून झालेल्या गोलमुळे. लालियानझुआला छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली होती, पण कतारचा तो वादग्रस्त गोल ग्राह्य धरला गेला आणि शेवटी १-२ अशा पराभवाने आपली मोहीम संपली. तो अन्याय झाला, यात मला शंका नाही. परंतु त्या संतापात ताहसीनविषयी मायदेशात फारसे कुणी बोलले नाही. बोलले ते कौतुकाने, ‘आपला मुलगा कतारकडून खेळतो’ अशा सुरात. मला त्या कौतुकाबरोबर एक प्रश्न पडला आणि तो अजून सुटलेला नाही. हा मुलगा बारा वर्षांचा असताना भारतीय फुटबॉलमधल्या कुणाला त्याचे नाव माहीत होते का?

माझा मुद्दा इथे सुरू होतो. वाद ज्यांच्यावरून चालला आहे ते इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातले भारतीय वंशाचे लोक आहेत, ज्यांनी तिथले नागरिकत्व घेतले किंवा ज्यांना ते जन्माने मिळाले. आखातात परिस्थिती वेगळी आहे. इथल्या देशांत जन्माला आल्याने नागरिकत्व मिळत नाही. वीस, तीस वर्षे इथे काढलेले कुटुंबही दर काही वर्षांनी निवास परवान्याचे नूतनीकरण करत भारतीयच राहते. सहा आखाती देशांत मिळून सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेक मुलांच्या हातात भारताचा पासपोर्ट आहे. त्यांच्यासाठी कायदा बदलायला नको, धोरण बदलायला नको, कुणाला कसला त्याग करायला नको. तरीही या मुलांचा उल्लेख चर्चेत येत नाही. माझी मुले ज्या मैदानांवर खेळली तिथे भारतातून खेळाडू पारखायला आलेला माणूस मी कधी पाहिला नाही.

यावर कोणी म्हणेल की आखातातली मुले क्रिकेटकडे किंवा अभ्यासाकडेच वळतात. मराठी घरांपुरते हे बरेचसे खरे आहे. आमच्या मंडळींत फुटबॉल खेळणारी मुले मोजकी. पण केरळ, गोवा आणि मंगळूरकडच्या घरांत चित्र निराळे आहे, आणि जी मुले खेळतात त्यांना इथे एक गोष्ट मिळते जी भारतातल्या बहुसंख्य मुलांना मिळत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत दर आठवड्याला त्यांचा साखळी सामना असतो. हरले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना असतो. दहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत अशी सहा वर्षे गेली की त्या मुलाच्या पायात दीडशेहून अधिक स्पर्धात्मक सामने असतात.

सध्याचे भारताचे प्रशिक्षक खालिद जमील यांचा जन्म कुवेतमधला, बालपणही तिथलेच. आखाती युद्धामुळे त्यांचे कुटुंब मुंबईत आले आणि मग ते महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि भारतीय संघाकडून खेळले. एका युद्धाने जे घडवून आणले ते ठरवून, आखून करता आले नसते का? भारतीय पासपोर्ट असलेल्या आखाती मुलाने भारतीय फुटबॉलला काय दिले याचे इतके ठळक उदाहरण राष्ट्रीय संघाच्या बाकावर बसलेले असताना चर्चा मात्र पर्थ आणि लंडनची होते.

याच मुद्द्याची दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इथल्या अकादम्यांची फी भरणारी कुटुंबे मध्यमवर्गीय आहेत. कतारमधले बहुसंख्य भारतीय कामगार कुटुंब आणू शकत नाहीत, कारण कुटुंबाच्या व्हिसासाठी ठरावीक पगार लागतो. त्यांची मुले गावीच वाढतात. म्हणून आखातातली मुले हे संपूर्ण उत्तर होऊ शकत नाही. ज्या कामगारांनी ही मैदाने उभारली आणि भारताच्या सामन्यांना गर्दी केली, त्यांची मुले भारतातल्याच एखाद्या तालुक्याच्या शाळेत आहेत. त्या मुलांना किती सामने मिळतात, हा खरा तर यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

आपल्या शालेय स्पर्धा तालुका आणि जिल्हा पातळीवर बहुधा बाद पद्धतीने होतात. पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर शाळेचा संघ एक सामना खेळतो, हरतो, आणि त्या मुलांचे फुटबॉलचे वर्ष तिथे संपते. गटसाखळी म्हणजे हरणाऱ्यालाही तीन सामन्यांचा हक्क. कतारमध्ये भारताला तो हक्क मिळाला, २०१९ मध्ये अबू धाबीत थायलंडला ४-१ हरवणाऱ्या आणि मग बहरीनविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीने बाहेर पडलेल्या संघालाही मिळाला होता. आपण हा हक्क आपल्या चौदा वर्षांच्या मुलांना देत नाही आणि पंचवीस वर्षांच्या खेळाडूंनी त्याचे सोने करावे अशी अपेक्षा ठेवतो.

कोल्हापूरकडे पाहावे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. फुटबॉलवर इतके जिवापाड प्रेम करणारे दुसरे शहर महाराष्ट्रात नाही. अनिकेत जाधव त्याच जिल्ह्याचा. पण २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो खेळला तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडून, आणि त्याच्या मागोमाग कोल्हापुरातून राष्ट्रीय संघात येणाऱ्यांची रांग लागली नाही. प्रेम आहे, तालमींची ईर्ष्या आहे. प्रौढांच्या लीगखाली मुलांची तितकीच भक्कम साखळी हवी, ती उभी राहिलेली नाही. याउलट मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार अकरा लाखांच्या आत. त्यांनी २०१२ मध्ये स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली, २०१४ मध्ये राज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला, २०१७ मध्ये जमील यांच्या मार्गदर्शनाखाली ऐझॉल क्लबने आय-लीग ही राष्ट्रीय क्लब स्पर्धा जिंकली. कतारविरुद्ध आणि फातोर्ड्यात सिंगापूरविरुद्ध भारताचे गोल करणारा छांगते त्याच राज्याचा आहे.

भारतीय वंशाच्या खेळाडूंविषयीचा निर्णय सरकारने घ्यावा, आणि तो सकारात्मक असावा असे माझे मत आहे. मात्र इंडोनेशियाने नेदरलँड्समध्ये जन्मलेले कितीतरी खेळाडू घेऊनही तो विश्वचषकाला पात्र ठरला नाही, आणि मलेशियाच्या सात परदेशी खेळाडूंवर सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने आजीआजोबांच्या जन्माची बनावट कागदपत्रे दिल्याबद्दल कारवाई केली, हेही निर्णय घेताना समोर असावे.

तोवर दोन गोष्टी करता येतील. आखातातल्या भारतीय शाळांना डिसेंबरमध्ये सुटी असते. त्या काळात दोहा, दुबई, मस्कत आणि कुवेतमध्ये तेरा आणि पंधरा वर्षांखालील मुलामुलींची निवड चाचणी घेऊन त्यांतल्या काहींना भारतीय क्लबांच्या निवासी अकादम्यांत जागा देता येईल. मुलींचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे, कारण २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली ती आपल्या महिला संघाने. दुसरी गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात होण्याजोगी आहे. सोळा शाळांची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली तर एकूण पंधरा सामने होतात आणि आठ संघ एकाच सामन्यानंतर घरी जातात. त्याच सोळा शाळांचे चार गट केले, तर उपांत्य आणि अंतिम सामने धरून सत्तावीस सामने होतात आणि प्रत्येक मुलाला किमान तीन सामने खेळायला मिळतात. वाढीव खर्च आणखी काही दिवसांचे मैदान, पंचांचे मानधन आणि मुलांच्या प्रवासाचा आहे. जिल्ह्याच्या क्रीडा निधीतून तो करता येईल, आणि त्यासाठी कुणाचाही पासपोर्ट बदलावा लागणार नाही.