‘प्रेमसंन्यास’च्या प्रयोगावरील अभिप्रायाला निर्मात्याचं उत्तर

नमस्कार,

आपण प्रयोगाला आलात, शेवटपर्यंत बसलात आणि सविस्तर लिहिलंत, याबद्दल आभार. आपलं म्हणणं असं की राम गणेश गडकऱ्यांचं हे नाटक कालबाह्य आहे, भाषणं लांबलचक आहेत, गोकुळच्या विनोदी साक्षीने रसभंग होतो आणि लीला-जयंतने सरळ लग्न केलं असतं तर तीन तास वाचले असते. तिकिटाचे पैसे मी घेतो, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

आधी लग्नाचं बघू. लीला बालविधवा, आणि तिचं नि जयंतचं एकमेकांवर प्रेम. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली १८५६ साली आणि गडकऱ्यांचं हे नाटक १९१२ चं. मधल्या काळात, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांसारख्या माणसाची ही गत, मग लीलेने कुणाच्या भरवशावर उंबरा ओलांडायचा? शिवाय जयंतच्या घरी त्याची बायको मनोरमा आहे, तिचं काय? आणि हे सगळं लांबचं म्हणावं, तर आपल्या बडोदे संस्थानातच सयाजीराव महाराजांना १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा करावा लागला होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत अशी एखादी बालविधवा आत्या पाहिलेली माणसं आजही आमच्या प्रेक्षकांत असतात. त्यांना हे नाटक जुनं वाटत नाही.

भाषणांबद्दल. काटछाट आम्ही केली आहेच. मूळ संहिता जशीच्या तशी तीन तासांत बसणारी नाही. पण लीला आणि जयंत यांच्या प्रवेशांना कात्री लावायला मी नकार दिला, आणि पुढेही देणार. ज्यांना एकमेकांचा हात धरायची मुभा नाही, त्यांच्याजवळ बोलण्याशिवाय असतं काय? म्हणून ती दोघं बोलतच राहतात. ती वाक्यं तोडली तर उरेल नुसतं कथानक. आमची मुलं नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येतात, काही तर गुजराती माध्यमात शिकलेली. गडकऱ्यांचं एकेक पल्लेदार वाक्य त्यांनी श्वास कुठे घ्यायचा इथपासून बसवलं आहे. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

गोकुळची साक्ष अनेकांना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहे, पण ती नाटकात जागेवर पाहायला मिळणं दुर्मीळ. दुःखाला खेटून हसू ठेवायची गडकऱ्यांची रीतच आहे. त्यांच्याच ‘एकच प्याला’तून हसवणारा तळीराम काढा असं कुणी म्हणत नाही. मग गोकुळनेच काय केलं?

मागच्या रांगांना ऐकू आलं नाही असं आपण लिहिलं आहे. पुढच्या प्रयोगाला तिथे वेगळे स्पीकर असतील.

राहिला प्रश्न, हेच नाटक का. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर पुन्हा पुन्हा येतो, त्याच लेखकाचं हे पहिलं नाटक मात्र कपाटात पडून राहतं. गडकरी जन्मले नवसारीकडे, तेव्हाच्या बडोदे संस्थानात, आणि १९१९ साली अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेले. बडोद्याच्या मराठी मंडळींनी हे नाटक करायचं नाही तर कुणी करायचं?

पुढच्या प्रयोगानंतर दिग्दर्शक आणि कलाकार प्रेक्षकांशी बोलायला थांबणार आहेत. आपण जरूर या, आणि लीलेच्या नेमक्या कोणत्या भाषणाला कंटाळलात ते त्यांनाच सांगा. त्यांना ते ऐकायचं आहे.

आपला,
निर्माता, बडोदे