पीओच्या मागच्या पानावरच्या अटी

वागळे इस्टेटमधल्या आम्हा वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: "आपल्या कोटेशनवर पीओ (पार्टीची खरेदी ऑर्डर) आली की करार आपल्याच अटींवर पक्का. पार्टीने नंतर घातलेल्या अटी कायद्याने आपोआप बाद. गप्प राहा, माल पाठवा." मंडळी, या भरवशावर टेम्पो भरू नका.

"करार पक्का" इथेच चूक आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त लागतो. आपण 30 दिवसांत पैसे मागितले आणि पीओ 90 दिवसांची आली, तर तो आपल्या प्रस्तावाचा स्वीकार नव्हे, त्यांचा प्रतिप्रस्ताव, म्हणजे उलट नवा प्रस्ताव आहे. मग नुसती अट गळून बाकीचा करार उरेल कसा? करारच झालेला नसतो. अमेरिकेत मालविक्रीला वेगळा नियम आहे. तिथल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या कलम 2-207 खाली जादा अटींसकट आलेला स्वीकारही स्वीकार ठरू शकतो. पण आपला धंदा ठाण्यात आहे.

सगळ्यात घातक म्हणजे "गप्प राहा, माल पाठवा". नुसतं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे खरं. पण माल पाठवला की आपण गप्प राहिलेलो नसतो, कृतीने होकार दिलेला असतो. कलम 8 तेच सांगतं. हे मी पैसे घालवून शिकलो. फ्लँजच्या एका पीओत मी नग, साइझ, रेट तेवढे बघितले. उशिराबद्दल कपातीची अट मागच्या पानावर, फिकट राखाडी अक्षरात होती. माल चार दिवस उशिरा गेला, बिलातून पैसे कापले गेले. वकीलबाईंनी माझं डिलिव्हरी चलान घेतलं, त्यावर आम्हीच लिहिलेल्या पीओ नंबरवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, हा तुमचा होकार."

इंग्लंडमध्ये 1979 साली बटलर मशीन टूल खटल्यात असंच झालं. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये भाववाढीची अट होती, ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये नव्हती. ऑर्डरखालची पावती विक्रेत्याने सही करून परत पाठवली आणि ग्राहकाच्या अटी लागू झाल्या.

मेसेजखाली एकाने लिहिलंय, भाव पाडून मागणारी पार्टी नंतर जुन्या भावाला आपल्याला अडकवू शकते. नाही. 1840 च्या हाइड विरुद्ध रेंच खटल्यात 1000 पौंडांची शेती 950 ला मागितली गेली. मालकाने नकार दिल्यावर 1000 कबूल करून काही उपयोग झाला नाही, मूळ प्रस्ताव संपला होता. नुसतं "पैसे थोडे उशिरा चालतील का?" विचारल्याने मात्र तो संपत नाही.

90 दिवसांच्या अटीवर आपल्याला आधार आहे, पण दुसऱ्या कायद्याचा. आपण नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असू, तर 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, लेखी कबूल केलं तरी मुदत 45 दिवसांच्या पुढे जात नाही. पार्टीने पैसे उशिरा दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उशिराच्या कपातीला हे कलम लागू नाही.

आता पीओ आली की मी आधी मागचं पान वाचतो. मटेरियल कापायच्या आत ईमेल जातो: "कपातीची अट मान्य नाही. सुधारित पीओ आल्यावरच काम सुरू करू."