पदवी मिळण्याआधीच एकत्र बसवा

सप्टेंबर 2025मध्ये महाराष्ट्रात सीसीएमपी हा आधुनिक औषधांचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांच्या नोंदणीवरून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. त्याच महिन्यात फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असं पत्र दिल्लीहून निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. ब्रिटनमध्येही तेच. फिजिशियन असोसिएट, म्हणजे डॉक्टर नसलेले पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासणारे कर्मचारी, यांच्यावरून इतकं रण पेटलं, की त्यांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या जुलै 2025च्या लेंग अहवालाने त्यांना ‘असिस्टंट’ म्हणा, असं सुचवलं. औषध कोणी लिहायचं याचे नियम कडक हवेतच. पण या भांडणांत एक गोष्ट कायम मागे पडते: एकत्र काम करायला शिकणं.

मी इथे ब्रिटनमध्ये नर्सिंग शिकवते. मेडिकल, नर्सिंग आणि फार्मसीची मुलं आमच्याकडे एकत्र सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यावर तालीम, करतात. पुतळ्याला अँटिबायोटिकची रिॲक्शन येते, बीपी कोसळतं. मेडिकलचा मुलगा सांगतो, “ॲड्रेनॅलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीत.” नर्सिंगची मुलगी तेच मोठ्याने म्हणून इंजेक्शन देते, “दिलं” म्हणून सांगते. सगळं चोख. फक्त तेच अँटिबायोटिक शिरेतून अजून चालूच असतं. नंतरच्या चर्चेत फार्मसीची मुलगी म्हणते, “मला दिसलं होतं, पण डॉक्टर बोलत होते.” हा डॉक्टर म्हणजे तिच्याच वयाचा, अजून पास न झालेला मुलगा! आमचा निम्मा वेळ त्या एका वाक्यावर जातो, आणि तो जायलाच हवा.

2005मध्ये इथेच एलेन ब्रोमिली या तरुण आईचा नियोजित ऑपरेशनआधी भूल देताना श्वासमार्ग बंद झाला. नर्सने गळ्याला छेद द्यायचा सेट आणून ठेवला होता. अनुभवी डॉक्टर मात्र तोंडातून नळी घालण्यातच गुंतून राहिले. एलेन गेली. टीममध्ये दिसलेलं बोललं आणि ऐकलं का जात नाही, याच प्रश्नाला तिच्या वैमानिक नवऱ्याने पुढे वाहून घेतलं.

आपल्याकडे मेडिकल कॉलेजांना स्किल लॅब बंधनकारक आहे. जेजेसारख्या आवारात नर्सिंगचं कॉलेजही शेजारीच असतं. तरी माझी मेडिकलला असलेली भाची सांगते, की नर्सिंगच्या मुलींशी तिची पहिली ओळख वॉर्डातच झाली, तीही ‘सिस्टर, हे द्या’ या भाषेत. पेशंटला 108मधून आणणारा डॉक्टर बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, कॅज्युअल्टीत त्याला घेणारा एमबीबीएस इंटर्न. संघटना भांडत राहोत, या दोघांना रात्री दोन वाजता एकाच पेशंटवर काम करावंच लागतं.

महागडा पुतळा नसला तरी चालेल. महिन्यातून एक दुपार इंटर्न, शेवटच्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुली आणि 108चे डॉक्टर एकत्र बसवा, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची तालीम घ्या. आणि नंतरची चर्चा सिस्टर-ट्यूटरला घेऊ द्या.