बांधकामाचा ठेका : एका घराला एकच दर कशाला?

घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "स्क्वेअर फुटाला काय भाव?" माझं स्पष्ट मत आहे, अख्ख्या घराला एकच भाव लावू नका. जोत्याखालचं काम एका पद्धतीने द्या, जोत्यावरचं दुसऱ्या.

जमिनीखाली काय निघेल ते ठेकेदारालाही ठाऊक नसतं. काळ्या मातीत फुटिंग (खांबाचा पाया) पाच फुटांवर बसेल की आठ, हे खोदल्यावरच कळतं. एकगठ्ठा दरात तो एकतर आठ फुटांचे पैसे आधीच धरतो, नाहीतर पाच फुटांवर कठीण मुरूम लागलेला नसतानाही पीसीसी (पायाखालचं बिनसळईचं काँक्रीट) टाकून मोकळा होतो. म्हणून इथे आयटम रेट, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर: खोदाई आणि काँक्रीट घनमीटरवर, सळई किलोवर, भरावाचा मुरूम ब्रासवर (100 घनफूट). मुरूम ट्रकमध्ये मोजायचा की धुमस करून (ठोकून) दाबलेल्या थरावर, तेही लिहून घ्या. दाबल्यावर तो बराच खाली बसतो. आणि फुटिंगची मापं खड्डा बुजवायच्या आत, दोघांच्या सह्यांनी.

जोत्यावर मात्र नकाशा पक्का असेल तर फुटावरचा दर चालतो. फूट कुठले ते आधी ठरवा. गॅलरी, छज्जा, जिन्याची टोपी पूर्ण धरायची, अर्धी की नाहीच? निम्मी भांडणं इथलीच.

आता लेबर रेट (माल तुमचा, ठेकेदाराची फक्त मजुरी) की विथ मटेरियल (मालही त्याचाच)? विथ मटेरियलमध्ये माल मारला जातो, लेबर रेटमध्ये उधळला जातो. साइटवर घरचं कुणी रोज थांबणार नसेल तर विथ मटेरियलच द्या, पण सिमेंट, सळई, वायर, नळ यांचा ब्रँड आणि ग्रेड करारात हवा. "चांगल्या प्रतीचा" या शब्दांना काही अर्थ नाही.

लेबर रेटमध्ये पैसा कुठे गळतो ते प्लास्टरला दिसतं. गवंड्याने ओळंबा नीट धरला नाही की भिंत बाहेर जाते आणि आतलं 12 मिमीचं प्लास्टर 25 वर पोचतं. त्याची मजुरी तेवढीच, सिमेंट मात्र तुमचं दुप्पट. करारात आत 12, बाहेर 20 मिमी लिहा. त्यावरचा माल त्याच्या बिलातून कापा. अंदाजासाठी: 1000 चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास 11.8 घनमीटर. 1:1.5:3 च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला घनमीटरमागे सिमेंटच्या साधारण आठ गोण्या, म्हणजे बीम सोडून 95 च्या आसपास. सळई नगावर घेऊ नका, काट्यावर घ्या. 12 मिमीची 12 मीटर सळई 10.66 किलो भरायला हवी. थोडा फरक चालतो, नऊ भरली तर गाडी परत पाठवा.

हप्त्यांतही गोम असते. स्लॅबपर्यंतच बहुतेक रक्कम उचलली गेली की फिनिशिंगला माणसं येईनाशी होतात. प्रत्येक हप्ता झालेल्या कामाच्या मागेच ठेवा, आणि पाच टक्के रक्कम एक पावसाळा गेल्यावरच सोडा.